आधी मर्यादा, मग रंग

अश्विन महिना लागला की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील व्यापारी घरांत एक दृश्य हमखास दिसते. बैठकीच्या खोलीत रंगांच्या छटांचे पुस्तक उघडलेले असते. सुनेला स्वयंपाकघराचा ओटा बदलून हवा असतो. धाकट्या मुलाला फॉल्स सीलिंग करून त्यात दिवे बसवायचे असतात. सासूबाईंचे म्हणणे एवढेच असते की न्हाणीघराची फरशी निसरडी झाली आहे. रंगारी दिवाळीच्या आधी काम पुरे करण्याचे वचन देतो. खर्च किती, हा प्रश्न सर्वांत शेवटी निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा दुकानाच्या गल्ल्यातून दिले जाते.

नेमक्या याच दिवसांत बाजारात सोयाबीनची आवक सुरू होते आणि पाठोपाठ नवा कापूस येतो. वर्षभरात भांडवलाची सर्वाधिक निकड ज्या काळात असते, त्याच काळात ते भिंतींवर चढते. माघ महिन्यात हिशेब जुळत नाही, तेव्हा घरात कुरबुर सुरू होते. मोठा भाऊ धाकट्याला दिव्यांची आठवण देतो, धाकटा मोठ्याला ओट्याची. फरशी मात्र निसरडीच राहिलेली असते.

घर सजवू नये, असे कोणी म्हणणार नाही. नीटनेटके, उजेडाचे, कोरडे घर ही गृहस्थधर्माची गरज आहे. चूक होते ती क्रमात. काय काय करायचे हे आधी ठरते, किती करायचे हे नंतर. हा क्रम उलटा केला तर काय घडते, याचे उदाहरण वर्धा जिल्ह्यातच उभे आहे.

वर्धा शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर सेगाव नावाचे लहान खेडे होते. वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे महात्मा गांधी या भागात राहावयास आले होते. ३० एप्रिल १९३६ रोजी ते सेगावात आले. १९४० साली याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. राहण्यासाठी घर बांधण्याचा प्रश्न आला, तेव्हा गांधीजींनी खोल्या किती, दालने किती, याची यादी दिली नाही. त्यांनी अटी घातल्या. खर्च ५०० रुपयांच्या वर जाता कामा नये, साहित्य आसपास मिळणारे असावे आणि काम गावच्या कारागिरांनी करावे. या अटींत बसले ते घर म्हणजे आज ‘आदी निवास’ या नावाने ओळखली जाणारी वास्तू. मातीच्या भिंती, बांबू आणि वर कवेलूंचे छप्पर.

बजाजांसारखा धनिक पाठीशी उभा असताना ही मर्यादा पैशाच्या अभावी आली नव्हती, ती पत्करलेली होती. मर्यादा पत्करूनही घर उजाड राहिले नाही. मीराबहेन यांनी स्वतःसाठी बांधलेल्या कुटीत, जी पुढे ‘बापू कुटी’ झाली, भिंतींच्या मातीतच ताडाची झाडे आणि चरखा उठावाने घडवला आहे. भिंत ज्या मातीची, सजावटही त्याच मातीची. रंगाचा डबा नाही, परगावचा माल नाही, तरी पाहणाऱ्याची नजर तेथे ठरते. जैन वाचकाला त्या कुटीत आणखी एक वस्तू थांबवून ठेवते. तेथे साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि साप ठेवण्याचा पिंजरा आहे. आश्रमात निघालेला साप मारायचा नाही, पकडून दूर सोडायचा, ही तेथील रीत होती. घराच्या साधनांत जीवदयेची साधनेही असावीत, हे त्या चिमट्याने सांगितले आहे.

कच्च्या मातीचे हे घर इतक्या दशकांनंतरही उभे आहे, याचे श्रेय साहित्याच्या बळकटीला देता येत नाही. मातीचे घर टिकते ते दरवर्षीच्या निगेने. पावसाळ्यापूर्वी कवेलू उतरवून फुटकी बदलणे, पाऊस ओसरला की भिंती लिंपणे, जमीन सारवणे, ही कामे ऋतू चुकवून करता येत नाहीत. पक्क्या घरात राहणाऱ्या आजच्या कुटुंबाने हा ऋतूंचा धाक हरवला आणि वर्षभराची सारी कामे दिवाळीच्या आधीच्या तीन आठवड्यांत कोंबली.

मर्यादा आधी ठरवण्याची ही रीत जैन श्रावकाला नवी नाही. ज्यांच्या सहवासाचा आपल्या मनावर खोल ठसा उमटल्याचे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले, ते श्रीमद् राजचंद्र मुंबईत जवाहिऱ्यांचा व्यापार करणारे जैन गृहस्थ होते. श्रावकाचे पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार सांगताना ज्या वस्तूंचे परिमाण ओलांडू नये त्यांची गणना येते, आणि त्यात क्षेत्र म्हणजे शेतजमिनीच्या पाठोपाठ वास्तू म्हणजे घर येते. सोने, धन, धान्य त्यानंतर. घर हा परिग्रह आहे, हे व्यापारी कुटुंबांच्या सहसा लक्षात राहत नाही. दागिन्यांची मोजदाद होते, ठेवींची होते, घरात किती भरले याची होत नाही.

श्वेतांबर आगमांतील उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. त्याच्या संपत्तीचा तपशील आजच्या हिशेबतपासनिसालाही आवडावा असा आहे. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत सुरक्षित, चार कोटी व्यापारात गुंतलेल्या आणि चार कोटी घरसंसाराच्या पसाऱ्यात. भगवान महावीरांसमोर व्रत घेताना त्याने आहे ते टाकून दिले नाही, याच्या पुढे जाणार नाही असे ठरवले. या कथेत दोन गोष्टी आहेत. मर्यादा आकड्यात सांगितली आहे, आणि निधी, व्यापार व घर ही तीन खाती वेगळी ठेवली आहेत. घराचा पसारा वाढला म्हणून व्यापारातून उचल केली, असे तेथे होत नाही.

ठराविक काळापुरता नियम घेण्याची सवयही समाजात आहेच. दिग्व्रताने घातलेली कायमची मर्यादा देशावकाशिक व्रतात थोड्या काळापुरती आणखी आखडली जाते. चातुर्मासात हिरव्या भाज्यांचा, प्रवासाचा, वस्तू घेण्याचा नियम असंख्य घरांत घेतला जातो. घराच्या कामांचा ऋतुसंकल्प म्हणजे याच सवयीचा विस्तार होय. वर्षाची मर्यादा एकदा लिहावी आणि मग प्रत्येक ऋतूला त्याच्या स्वभावाचे काम द्यावे.

वर्धा जिल्ह्याचे हवामान या वाटपाला मदत करते, कारण ते कोणत्याच ऋतूत मवाळ नसते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ही माती पावसात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर घर तिच्याबरोबर हलते. वैशाखात भिंतीत दिसणारा तडा श्रावणात पुष्कळदा अरुंद होतो. वैशाखात तो सिमेंटने बुजवून वर रंग दिला, तर पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा उमटतो आणि रंगाऱ्याला दोष मिळतो.

म्हणून दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा हिवाळा हा गिलावा, फरशी आणि रंग यांचा खरा काळ आहे. पावसाची ओल भिंतीत मुरलेली असते आणि ती सुकायला आठवडे लागतात. दिवाळी लवकर आली तर अश्विनात भिंत वरून कोरडी आणि आतून ओली असते. तिच्यावर दिलेला रंग पुढच्या पावसापर्यंत पोपडे धरतो. ज्या कुटुंबाने दिवाळीला केवळ स्वच्छता, रांगोळी आणि दिवे एवढेच ठेवले आणि रंग पौषावर ढकलला, त्याचा रंग अधिक वर्षे टिकतो. त्या काळात रंगारी आणि गवंडी यांनाही सणाची घाई नसते. सिमेंटच्या कामाला पाणी मारावे लागते, ते हिवाळ्यात पुरते आणि उन्हाने लगेच उडूनही जात नाही.

फाल्गुन ते वैशाख हा गच्चीचा काळ. फाल्गुनातच गच्चीवर चुन्याचा पांढरा हात फिरवला तर ऊन परतते आणि खालच्या खोल्यांना उतार पडतो. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावणे, कूलरची गवताची जाळी बदलणे, पश्चिमेच्या भिंतीला सावली देणे, ही कामे याच वेळची. तड्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, बुजवू मात्र नये. वर्षभराने तडा खुणेच्या पुढे गेलेला दिसला तर रंगाऱ्याला नव्हे, स्थापत्य अभियंत्याला बोलवावे. या दिवसांत अनेक गावांत पाण्याची ओढ असते, म्हणून काँक्रीटचे नवे काम काढणे इष्ट नाही.

ज्येष्ठात पाऊस दाराशी येतो. गच्चीच्या पन्हळी आणि नळ्या मोकळ्या करणे, गळतीच्या जागा बंद करणे, कूलर रिकामा करून पुसून ठेवणे, गहू-तूर वाळवून तिला एरंडेलाचा हात लावून भरणे, कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर सरकवणे. या कामांना खर्च थोडा आणि फळ मोठे आहे. जैन घरात त्याला आणखी एक अर्थ आहे. ओल राहिली की कीटक होतात, वाळवी लागते, मग फवारणीचा विचार येतो आणि न दिसणारी हिंसा घरात शिरते. जीव उत्पन्नच होऊ नयेत इतके घर कोरडे ठेवणे हीच यतना. बापू कुटीतल्या चिमट्याप्रमाणे ही खबरदारीही घराच्या साधनांत मोजावी.

आषाढी चतुर्दशीपासून चातुर्मास सुरू झाला की बांधकाम थांबावे. जमीन जिवांनी भरलेली असते, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. साधू-साध्वी गावात स्थिरावलेले असतात आणि आहारासाठी घराशी येण्याचा योग याच महिन्यांत असतो. ओल्या गिलाव्याचे पाणी जागोजागी साचलेले घर त्या योगाला मुकते. मात्र चातुर्मासात घराचे काम संपत नाही, ते पाहण्याचे आणि वेगळे काढण्याचे काम होते. कोणत्या भिंतीला किती उंचीवर ओल चढली, कोठे गळले, याची नोंद वहीत करावी. हिवाळ्यात गवंड्याला दाखवायला याहून चांगला पुरावा नसतो. पर्युषण आणि दशलक्षण पर्वांच्या आसपास प्रत्येक कपाट एकदा रिकामे करावे. वर्षभर न उघडलेला डबा, दोन लग्नांत मिळालेले एकसारखे संच, न बसणारे कपडे, हे ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्याकडे पोचवावेत. पुष्कळ घरांत नव्या कपाटाची गरज या एका कामानंतर उरत नाही.

दिवाळीला भगवान महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण, वहीपूजन, आणि पाचव्या दिवशी ज्ञानपंचमी. त्या दिवशी घरातले ग्रंथ काढून झटकावेत, पुसावेत, नवी वेष्टने घालावीत. ग्रंथांसाठी कोरडी, उंच आणि उजेडाची फडताळी हे घराच्या नूतनीकरणातले एक उद्दिष्ट असावे. बैठकीतल्या शोभेच्या कपाटाआधी तिचा क्रम यावा.

स्वयंपाकघराबाबतही हाच विचार लागू पडतो. सूर्यास्तापूर्वी जेवण करणाऱ्या कुटुंबासाठी ओट्याच्या दगडाच्या रंगापेक्षा खिडकी महत्त्वाची आहे. विदर्भात मार्गशीर्षात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. चार ते साडेपाच या वेळात ओट्यावर नैसर्गिक उजेड नसेल, तर धान्यातला जीव दिसत नाही आणि दिवा लावून स्वयंपाक करावा लागतो. खिडकी दोन फूट रुंद करण्याचा खर्च फॉल्स सीलिंगच्या मानाने किरकोळ असतो. ओट्याखालची कपाटे जमिनीला चिकटवून बंद न करता पायांवर उभी केली, तर खालून केर काढता येतो आणि ओल साठत नाही. पाणी गाळण्याची जागा, गाळणे वाळत घालण्याची दांडी, या गोष्टी नकाशात आधीच दाखवल्या नाहीत तर सुंदर ओट्यावर त्यांना जागाच उरत नाही.

आता पैशाचा प्रश्न. व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट खाते मालाच्या तारणावर चालते. मालाच्या किमतीतून मार्जिन वजा करून ड्रॉइंग पॉवर ठरते. त्या खात्यातून घरासाठी रक्कम उचलली की ती मालात नसते, म्हणजे विकून परत येत नाही. समजा ४ लाख रुपये अशा खात्यातून रंग, ओटा आणि दिव्यांवर गेले आणि व्याजदर १० टक्के आहे. वर्षाला ४०,००० रुपये व्याज हा दिसणारा तोटा. तेच ४ लाख हंगामात चार वेळा फिरले असते आणि प्रत्येक फेरीत २ टक्के सुटले असते, तर ३२,००० रुपयांची कमाई गेली, हा न दिसणारा तोटा. शिवाय उद्दिष्टाबाहेर वापरलेले कर्ज बँकेच्या नजरेत खात्याची पत खाली आणते, आणि नेमक्या तेजीच्या वर्षी मर्यादा वाढवून मागताना ते आड येते.

याला साधा पर्याय आवर्ती ठेवीचा आहे. कार्तिकात घराच्या नावाने ठेव सुरू करून दरमहा १२,००० रुपये टाकले, तर पुढील दिवाळीस १,४४,००० रुपये आणि त्यावरील व्याज हाती येते. हिवाळ्याचे काम त्या रकमेत बसवावे. बसत नसेल तर काम दोन वर्षांत विभागावे, रक्कम ताणू नये. दुरुस्तीसाठी कर्ज घेणे अटळच असेल तर ते स्वतंत्र घ्यावे. करसवलतीच्या भरवशावर मात्र राहू नये. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला ३०,००० रुपयांपुरतीच मिळते, आणि नव्या करपद्धतीत राहत्या घरासाठी ती मिळत नाही.

मर्यादा ठरली, ऋतू ठरले, पैशाची सोय झाली, तरी एक गोष्ट राहते, आणि तीही सेवाग्रामच शिकवते. आदी निवासात माणसांची दाटी झाली आणि कस्तुरबांना स्वतःचा असा आडोसा उरला नाही. ती अडचण ओळखून जमनालाल बजाज यांनी त्यांच्यासाठी वेगळी लहान कुटी बांधून दिली. आज ती ‘बा कुटी’ म्हणून पाहायला मिळते. मर्यादा कितीही उदात्त असली तरी तिचा भार घरातल्या एकाच व्यक्तीवर, विशेषतः न बोलणाऱ्या व्यक्तीवर, पडत असेल तर ती मर्यादा अपुरी आहे. काटकसरीच्या नावाखाली आजी अंधाऱ्या खोलीत राहते किंवा सुनेला कपडे बदलायला दार लागत नाही, असे घर साधे म्हणवून घेऊ शकत नाही.

यासाठी संकल्प लिहिताना पहिला प्रश्न सर्वांत वडीलधाऱ्या आणि सर्वांत कमी बोलणाऱ्या सदस्याला विचारावा. या घरात रोज कशाचा त्रास होतो? उत्तरात फॉल्स सीलिंग क्वचितच येते. न्हाणीघरातली दांडी येते, जिन्याची उंच पायरी येते, रात्री लागणारा एक दिवा येतो. या कामांना मर्यादेतली पहिली रक्कम मिळावी. उरलेल्या रकमेत मुलांची हौस बसवावी, आणि तीही बसवावीच, कारण ज्या घरात आपली एक भिंत नाही तेथे तरुणांचे मन रमत नाही. मीराबहेन यांनीही भिंत कोरी सोडली नव्हती.

हे सारे लिहायला वहीचे एक पान पुरते. वर वर्षाची रक्कम. तिच्याखाली हिवाळा, उन्हाळा, ज्येष्ठ आणि चातुर्मास असे चार भाग, आणि प्रत्येक भागात दोनांहून अधिक कामे नाहीत. सर्वांत खाली यंदा घरात काय आणायचे नाही, याची एक ओळ. दिवाळीच्या वहीपूजनानंतर कुटुंबाने एकत्र बसून हे पान भरावे आणि घरातील सर्वांनी त्यावर सही करावी. वर्षाच्या मध्येच कोणी रंगांच्या छटांचे पुस्तक घेऊन आले, तर त्याला आधी हे पान दाखवावे. आणि त्या पानावर न्हाणीघराची फरशी पहिल्या ओळीत असावी.